बसलेला बैल

रोवण्याच्या दिवसांत आमच्या घरात दिवसभर कुणी नसायचं. माय आणि बाबा दोघेही पहाटे दुसऱ्यांच्या बांध्यांत, पाणी भरलेल्या खाचरांत, धान रोवायला जायचे. आमची स्वतःची जमीन तलावाच्या शेपटाला होती. पाणी तिथवर पोचलं तर धान, नाही पोचलं तर गवत. म्हणून आधी लोकांचा रोवणा, मग उरलेल्या दिवसांत आमचा. मी आणि माझा धाकटा भाऊ धुऱ्यावर असायचो. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा काठ. दिघोरीकडच्या आमच्या पिढीच्या किती तरी लेकरांची बालवाडी तोच. पळसाखाली पोतं अंथरायचं, त्यावर भावाला बसवायचं आणि मायनं मला बजावायचं, "पान्याकडे जाऊ नको देजो त्याले. रडला तं आवाज देजो." आवाज दिला तरी ती लगेच येऊ शकायची नाही. रांगेतली बाई मध्येच उठली की बाकीच्या बोलायच्या.

पाऊस आला की आम्ही दोघं एकाच प्लास्टिकच्या पोत्याखाली शिरायचो. जेवायला सकाळचा भात आणि मीठ-मिरची. कधी भातावरचं फडकं कुत्रं ओढून न्यायचं, त्या दिवशी काहीच नसायचं. ह्या गोष्टी मी आता गमतीनं सांगत नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितल्या तर मला आवडत नाहीत.

पण त्या धुऱ्यावर आम्ही मातीचे बैल करायचो, आणि भावाचे बैल माझ्यापेक्षा चांगले व्हायचे. माझ्या बैलाची मान लांबायची, तो घोडा दिसायचा. भाऊ हसून लोटपोट व्हायचा. "ताई, तुह्या बैलाले नांगराले जुपशील का टांग्याले?" एवढंसं पोरगं, पण बैलाचं वशिंड कुठे येतं ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

मी बारावीला होते आणि तो दहावीला, तेव्हा बाबांची कंबर गेली. खाली वाकणं बंद, म्हणजे धानाचं सगळं कामच बंद. दोघांपैकी एकानं शाळा सोडायची होती. आमच्याकडे अशा वेळी पोरीचीच शाळा सुटते, त्यात कुणाला विचारायचंही काही नसतं. पण भाऊच म्हणाला, "ताईले शिकू द्या. मले तसंबी पुस्तकात झोप येते. मी टॅक्टरवर बसतो." तो हसत म्हणाला. ते अर्धं खरं होतं हे घरात सगळ्यांना कळलं. त्यानं गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर धरला. मी तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.ए. झाले, मग भंडाऱ्याला खोली करून बालशिक्षणाची पदविका केली. त्या पदविकेच्या सरावासाठी आम्हाला जवाहरनगरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या एका बालवाडीत पाठवलं होतं. मी तिथे पहिल्या दिवशी उभी राहिले ती बघतच राहिले. अंगणात विटांचा चौकोन बांधून त्यात वाळू भरलेली. शेजारी पाण्याचा टब, मापं, गाळण्या. फॅक्टरीच्या नोकरदारांची लेकरं आयांच्या गाड्यांवरून उतरायची आणि सरळ वाळूत. पालक त्याची फी भरायचे! मला धुरा आठवला. मनातल्या मनात हिशेब लागेना. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे त्यांची लेकरं मातीत, आणि ज्यांच्या घरी मातीशिवाय काही नाही त्यांच्या लेकरांच्या हातात तिसऱ्या वर्षी पेन्सिल.

तिथल्या बाई वयस्कर होत्या. कॉलेजात आम्हाला 'अर्थपूर्ण कृतींचं मूल्यमापन' असा मोठा धडा होता, त्यात रकाने होते, मी ते पाठ केले होते. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे परीक्षेत लिही. इथे एवढंच कर. लेकरानं काय बनवलं ते बघू नको. त्याला विचार, हे काय आहे, आणि गप्प बस. ते किती वेळ बोलतं ते ऐक. बोललं, तर त्या कामात त्याला काही भेटलं. नाही बोललं, तर ते काम तुझं होतं, त्याचं नव्हतं." मी पुढे जे काही शिकवलं ते ह्या एका गोष्टीवर. धडा मी विसरले.

माझं लग्न गावातच झालं, सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी माहेरच्या छपरीत बालवाडी सुरू केली. पहिल्या वर्षी रोवण्यात छपरी भरून गेली, कारण आया बांधीत होत्या आणि लेकरं सांभाळायला जागा पाहिजे होती. ते मला कळत होतं, तरी मी खूश होते. येऊ दे तर खरं, पुढचं मी बघते, असं वाटायचं. लेकरांनी बिया निवडल्या, पाणी मापलं, पानांचे ढीग केले. माझी भाची, भावाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. ती तर घरचीच. सगळ्यांच्या आधी येऊन बसायची आणि मला 'आत्या' म्हणायची. बाकीची लेकरंही तिचं ऐकून आत्याच म्हणू लागली.

पोळा जवळ आला तसं मी ठरवलं की तान्ह्या पोळ्याला आपल्या लेकरांनी स्वतः केलेले बैल न्यायचे. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत मारुतीच्या देवळासमोर नेतात, रांग लागते, पंच बक्षीस देतात, मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. नंदी जितका उंच, तितकं बापाचं नाव मोठं. कुणी भंडाऱ्याहून आणतो, कुणी सुताराला सांगून करवून घेतो. बक्षीस लेकराला मिळतं, पण सगळ्यांच्या नजरा बापाकडे असतात.

आम्ही तलावाच्या काठची चिकणमाती आणली. दोन दिवस छपरीत नुसता चिखल. भाचीनं बैल केला तो मी कधी विसरणार नाही. वशिंड जागेवर होतं. बापाच्या बोटांतून आलं म्हणा. मी विचारलं, "हे काय आहे?" आणि गप्प बसले. ती जे बोलायला लागली! हा बैल पाणी प्यायला कुठे जातो, त्याला कोणती बांधी आवडत नाही, त्याचा जोडीदार कुठे हरवला, त्याला ताप कसा आला होता. माय चुलीपाशी होती, ती म्हणाली, "ह्या बैलाची तं पुरी कुंडलीच काढली पोट्टीनं."

अडचण एकच होती. दिवस ओले होते, माती वाळेना. मायला काळजी लागली की लेकरांचे बैल ओलेच राहिले तर न्यायचे कसे. आमच्या घरी पावसाळ्यात काही वाळवायचं असलं, कपडा, लाकूड, डाळ, तर ते चुलीच्या काठावर जातं. मायनं सगळे बैल उचलून चुलीभोवती मांडले आणि जाळ मोठा केला. सकाळी बैल वरून पांढरे, कडक. माय खूश, मीही खूश. आतली माती ओलीच आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

देवळासमोर रांग लागली. लाकडी नंदींच्या मध्ये आमचे मातीचे बैल, पाटांवर ठेवलेले. भाऊ नवीन शर्ट घालून बापांच्या घोळक्यात उभा होता. लेकरं पाट ओढायला लागली आणि ओटा चढताना धक्के बसले तसे बैल मोडायला लागले. कुणाचं शिंग, कुणाची शेपूट. भाचीच्या बैलाचे चारही पाय एकाच वेळी गेले आणि तो पोटावर आला.

लोक हसले. वाईट मनानं नाही, सणाच्या दिवशी हसतात तसे. कुणी तरी ओरडलं, "टॅक्टरवाल्याचा बैल पंक्चर झाला गा!"

भाची रडली नाही. ती खाली बसली, बैलाकडे तिनं पाहिलं, मोडलेले पाय उचलून त्याच्या पोटाखाली दुमडून ठेवले आणि पंचांना म्हणाली, "बसला तो. रोवणा झाला ना, थकला." मग बाजूचं थोडं गवत उपटून त्याच्या तोंडासमोर ठेवलं.

कॉलेजच्या सगळ्या रकान्यांत मिळून जे मावणार नाही ते तिनं माझ्यासमोर केलं होतं. मी भावाकडे पाहिलं, त्यानं ते ऐकलं का म्हणून. तो घोळक्यात नव्हता. निघून गेला होता.

संध्याकाळी तो जेवायला बसला होता, मी गेले.

"पोरगी उद्यापासून गाडीनं जाईन," तो ताटाकडे बघत म्हणाला. गाडी म्हणजे तालुक्याच्या रस्त्यावरच्या कॉन्व्हेंटची पिवळी बस.

"काहून गा?"

"काहून म्हंजे? पाह्यलं नाई का आज?"

"मी तं पाह्यलं. तूच नाई पाह्यलं. तिनं तुटलेला बैल बसवला. रडली नाई, कोनाले विचारलं नाई…"

"लोकं हासले, ताई."

"हासू दे ना."

"तुले हासू दे म्हनता येते. तू बीए हायेस." त्यानं घास खाली ठेवला. "तू शिकून बाहेर निघाली म्हनून तुले माती गोड लागते. आमी मातीतच राह्यलो. मले तिले मातीतून काढायचं हाये, अन् तू तिले पुन्हा मातीतच बसवून राहिली."

वहिनी मध्येच म्हणाली, "जेवू तं द्या त्याईले."

दुसऱ्या कुणाही बापाला मी वाद घालून, समजावून, जवाहरनगरचं सांगून थांबवलं असतं. पण माझं जे कॉलेज झालं ते त्याच्या वाट्याचं होतं. त्याच्या लेकराला कुठे घालायचं हे त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी ती पिवळ्या गाडीत बसली. टाय तिच्या हनुवटीला लागत होता. खिडकीतून ओरडली, "आत्या, माह्या बैलाले पानी देजो." तो बैल मायच्या कोनाड्यात काही महिने होता. मग त्याची माती झाली.

रोवणा संपला होता, आया घरी होत्या. घरचीच पोरगी गेली म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. एकेक करत लेकरं गेली. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत छपरी रिकामी झाली. कॉन्व्हेंटच्या संचालक सरांचा निरोप आला की पदविका असलेली बाई पाहिजे. मी गेले. पगार पाहिजे होता, आणि खरं सांगायचं तर भाची तिथे होती.

पण ती माझ्या वर्गात नव्हती. शाळेत मला 'मॅडम' म्हणायची, घरी आत्या. तिच्या वर्गावरून जाताना मी खिडकीतून बघायची. ए, ए, ए, पानभर ए. पेन्सिल इतकी घट्ट धरायची की मधल्या बोटाला खळगा पडला होता. अक्षर सुंदर. भाऊ वही गावभर दाखवायचा, आणि त्याचा आनंद खोटा नव्हता.

मी घरी विचारायची, "आज काय केलं व बाई?"

"ए टू झेड."

"अजून?"

"ए टू झेड."

एका रविवारी मी तलावाची माती आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं ती हातानं थापून सपाट केली, काडी घेतली आणि तिच्यावर ए काढला. मी म्हटलं, "बैल कर ना, तुह्यासारखा." ती माझ्याकडे बघत राहिली. "बैल मॅडमनं नाई शिकवला."

मी तिचे हात धुतले आणि तिला घरी पोचवलं.

त्यानंतर मी सरांच्या मागे लागले. ते वाईट नव्हते. त्यांना शाळा चालवायची होती आणि पालकांना वह्या भरलेल्या पाहिजे होत्या. पुष्कळ दिवसांनी म्हणाले, "शनिवारी एक तास घ्या. कपडे खराब झाले तर पालकांना उत्तर तुम्ही द्यायचं." मी नर्सरी आणि केजीच्या लेकरांना शनिवारी माती दिली, बिया दिल्या, टबात पाणी दिलं. भाची तोवर पहिलीत गेली होती. पहिलीला माती नव्हती.

त्याच सुमारास भावाला त्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली. सकाळी त्याच्याच गाडीनं मी शाळेत जायची. आम्ही घरच्या गोष्टी बोलायचो, मातीची नाही.

वर्षाच्या शेवटी पालकांची सभा झाली. एक आई उठून उभी राहिली, धान रोवणारीच बाई, हात बघून कळत होतं. "मॅडम, आमच्या घरी माती कमी हाये का? फी भरून लेकराले मातीत खेळाले पाठवतो का आमी?"

मी जवाहरनगरचं सांगितलं. तिथल्या नोकरदारांची लेकरं फी भरून वाळूत खेळतात म्हटलं.

"त्याईच्या लेकराले संध्याकाळी घरी कोनी तरी पुस्तक घेऊन बसते," ती म्हणाली. "आमच्या घरी कोन बसते, सांगा."

ती खोटं बोलत नव्हती, आणि भावानं ताटावर बसून जे म्हटलं होतं तेच ती दुसऱ्या शब्दांत म्हणत होती. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, ह्या शनिवारच्या तासाचा फायदा पालकांना दिसला पाहिजे. वहीत दिसतो तसा. कसा दाखवणार?"

भाऊ दाराशी उभा होता. सभा लांबली होती, लेकरं पोचवायची होती, तो विचारायला आला होता. तिथूनच म्हणाला, "सर, मी सांगू का?"

सर हसले. "सांगा."

"सोमवार ते शुक्कर गाडी चूप असते. अर्धी लेकरं झोपते, अर्धी खिडकीतून पायते. शनवारी माहे कान फुटते. ह्याचा बैल विहिरीत पडला, त्याच्या बैलाले साप चावला, तिच्या चिमणीनं अंडं देल्लं. आपापल्या गावापर्यंत बोलते. उतरले तरी खालून बोलते. मले गिअर टाकाचं सुधरत नाई."

सगळे हसले. एक बाप म्हणाला, "हो गा, आमचाबी शनवारीच जेवताना बोलते. बाकी दिवशी तोंडात मूग." त्या आईनंही मान हलवली, जरा नाइलाजानं. मग दोघं-तिघं एकदम सांगायला लागले की आपलं पोट्टं शनिवारी काय म्हणालं.

जवाहरनगरच्या बाईंनी मला जे ऐकायला शिकवलं होतं ते माझा भाऊ न सांगता रोज ऐकत होता, आणि कोणत्या लेकराचा आवाज त्या गाडीत नाही हेही त्याला कळलं असणार. पहिलीतली त्याची मुलगी त्याच गाडीनं यायची.

गाडी रिकामी झाली तेव्हा आम्ही तिघंच उरलो होतो. भाची मागच्या सीटवर झोपली होती, दप्तर मांडीवर. भावानं आरशात तिच्याकडे पाहिलं.

"ताई, आपलंच लेकरू राह्यलं."

"हो."

"थो बैल बसला म्हने ना ते त्या दिवशी? मले नंतर मायनं सांगितलं."

"म्हणाली, रोवणा झाला, थकला."

त्यानं गाडी सुरू केली. गावात शिरेपर्यंत आरशात बघत होता.

पुढच्या वर्षासाठी सरांनी नर्सरी-केजीचा नियम बदलला. भाची आता चौथीत आहे. वर्गात पहिली येते, अक्षर अजून सुंदर आहे, विचारलं तेवढंच बोलते. गेल्या तान्ह्या पोळ्याला भावानं तिच्यासाठी स्वतः मातीचा बैल करून दिला होता, वशिंडासकट, आणि तिनं तो जपून नेला, आणला, जागेवर ठेवला. तिला मी त्याबद्दल काही विचारलं नाही.

आमच्या घरातल्या पहिल्या पदवीधर बाईच्या हातून झालं ते एवढं: त्या शाळेत आता नर्सरी आणि केजीच्या लेकरांच्या हातात दिवाळीपर्यंत पेन्सिल देत नाहीत.